किडीनं झाडं मेली की जंगल परत येतं का? आधी जमिनीकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहते, घरामागे अडीच-तीन एकरांचं रान आहे. त्यातली ॲशची सगळी मोठी झाडं एका हिरव्या भुंगेऱ्यानं मारली. आता ऊन थेट जमिनीवर येतं आणि काटेरी झुडपं माजली आहेत. हे रान आपोआप पुन्हा उभं राहील, की तिनं झाडं लावायला घ्यावीत? आणि सोबत तुमची स्वतःची काळजी: पावसाळा सरता सरता इंदूरजवळचा सिमरोलचा घाट उतरताना चोरलकडचा साग भाजल्यासारखा तपकिरी दिसतो, म्हणजे आपल्याकडेही तेच सुरू झालंय का?

सागाचं आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तो तपकिरी रंग सागाची पानं खाणाऱ्या अळीमुळे येतो. ती पानाचा हिरवा गर खाते आणि शिरांची जाळी तेवढी मागे ठेवते. झाडाला त्रास होतो, त्या वर्षीची वाढ कमी होते, पण खोड, मुळं, कोंब शाबूत असतात आणि साग पुन्हा पालवतो. ही अळी इथलीच आहे. तिला टिपणारे पक्षी, कोळी आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही इथल्याच आहेत. कीड दिसली की पहिल्यांदा हेच पाहायचं, ती पान खाते की खोड पोखरते. पानं गेली तर झाड काही दिवस उपास काढतं. सालीखालचा अन्न वाहणारा थर गेला तर मुळांपर्यंत अन्नच पोचत नाही आणि झाड मरतं. तुमच्या बहिणीच्या रानात हे दुसरं घडलं आहे.

मी कशाच्या आधारावर बोलते आहे तेही सांगते. मी इंदूरचीच, वनस्पतिशास्त्र शिकलेली. माझ्या कामाची सुरुवात मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीच्या साल वृक्षांच्या जंगलांत झाली. त्या झाडाला तिकडे सरई म्हणतात, मीही तेच नाव वापरते. १९९७-९८ च्या सुमाराला तिथे बोअरर, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीनं कहर केला होता, लाखो झाडं तिच्या तावडीत सापडली होती. पुढची वर्षं मी इंदूर, महू, बडवाहच्या रानांत एकच काम करत आले: जंगल स्वतःहून किती उगवतंय ते मोजायचं आणि जिथे उगवत नाही तिथे का नाही ते शोधायचं. मिशिगनमधलं ॲशचं रान मी भाच्याकडे गेले असताना पायी फिरून पाहिलं आहे. तिथलं बाकीचं जे लिहीन ते तिथल्या अभ्यासकांच्या कामावरून.

आता मूळ मुद्दा. जंगल परत येईल का, या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. तिथे पुन्हा झाडांचं रान होईल का, हा एक. पूर्वीचंच रान होईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असं असतं, काही अटींवर. दुसऱ्याचं उत्तर ॲशच्या बाबतीत, निदान तुमच्या-माझ्या हयातीपुरतं, नाही असं आहे. आणि दोन्हींचा निकाल मोठी झाडं मरण्याच्या आधीच बराचसा लागलेला असतो, गुडघ्याच्या उंचीवर. वरचं पानांचं छत्र उघडलं त्या दिवशी खाली कोणाची रोपं उभी होती आणि पुढच्या काही वर्षांत ती कोणी खाल्ली किंवा कोणी दाबली, यावर सगळं ठरतं. लोक वर वाळलेल्या फांद्यांकडे बघत हळहळतात. पुढचं जंगल तेव्हा त्यांच्या पायाखाली असतं.

ही कीड इतकी घातक का ठरली ते समजलं की पुढचं सोपं होईल. एमराल्ड ॲश बोअरर हा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, धातूसारखा चमकणारा हिरवा भुंगेरा. मूळचा ईशान्य आशियातला: चीनचा ईशान्य भाग, कोरिया, रशियाचा पूर्वेकडचा टोकाचा प्रदेश. अमेरिकेत तो २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ ओळखला गेला. पण मेलेल्या झाडांच्या वाढीची वलयं तपासल्यावर दिसलं की तो १९९० च्या दशकातच येऊन बसला होता, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांमधून. त्याची अळी सालीच्या आत, लाकडाला लागून, नागमोडी बोगदे काढत जाते आणि अन्न वाहणारा थर कापून टाकते. बाहेर येताना भुंगेरा सालीला इंग्रजी डी अक्षरासारखं बारीक भोक पाडतो. आशियातल्या ॲशनं या किडीबरोबर हजारो वर्षं काढली आहेत, तिथे बहुतेक करून अशक्त झाडंच बळी पडतात. अमेरिकेतल्या ॲशला तिची ओळखच नव्हती, त्यामुळे तिथे धडधाकट झाडंही गेली. दक्षिण-पूर्व मिशिगनच्या रानांत केलेल्या मोजणीत अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड ॲशपैकी ९९ टक्क्यांहून जास्त मेलेली आढळली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ॲशच्या पाच जाती धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या.

आपल्या सरईचा बोअरर याच्या उलट, इथलाच. लांब मिशांचा मोठा भुंगेरा, पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो, सरईच्या सालीत अंडी घालतो. अळी साल, मग कोवळं लाकूड, मग गाभा पोखरत आत जाते आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. जोमदार झाड राळ सोडून बऱ्याच अळ्यांना आतच बुडवतं. जुनं, गर्दीत दबलेलं, वणव्यानं किंवा दुष्काळानं खचलेलं झाड ते करू शकत नाही. एरवी ही कीड जंगलात थोडीथोडकी असतेच. तिचा भडका उडतो तेव्हा तिची संख्या इतकी वाढते की चांगली झाडंही हरतात. मग काही वर्षांत ती ओसरते. ताज्या तोडलेल्या सरईच्या रसाच्या वासानं हे भुंगेरे लांबून येतात, म्हणून ओंडके कापून, साल ठेचून ठेवायची आणि त्यावर जमलेले भुंगेरे गावकऱ्यांनी वेचायचे, वेचणाऱ्याला भुंगेऱ्यामागे पैसे, अशी पद्धत आहे. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेनं या किडीवर बरंच काम केलं आहे. सांगायचं ते हे की इथे भडका ओसरल्यावर सरईची जात जागेवर राहते, धरलेल्या झाडांचीच काय ती हानी. अमेरिकेत अख्ख्या जातीच्या मोठ्या झाडांची पिढी गेली आणि कीड मात्र तिथेच बसून आहे.

तरीसुद्धा जंगल पुन्हा कसं उभं राहतं हे मी सरईकडूनच शिकले, आणि तुमच्या बहिणीला उपयोगी पडेल ते बरंचसं तिथलंच आहे.

सरईचं बी ऐन पहिल्या पावसाच्या तोंडाशी गळतं. आठ-दहा दिवसांत रुजलं तर रुजलं, नाहीतर गेलं. म्हणजे जमिनीत बियांची शिल्लक अशी नसतेच. रोपांची असते. सरईचं रोप सावलीत, गवतात, वणव्यात दरवर्षी वरून मरतं आणि खाली मूळ जाड करत राहतं. कितीतरी वर्षं ते गुडघ्याच्या वर जात नाही. पाहणाऱ्याला वाटतं इथे नवी सरई नाहीच. मग एखादं मोठं झाड मरतं, छत्राला भगदाड पडतं, आणि त्याच जुन्या मुळातून जाडजूड, सरळ कोंब वर येतो. ज्या कक्षांत, म्हणजे वन विभागानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, अशी दबलेली रोपं भरपूर होती आणि झाडं विखरून, एकेक दोन-दोन मेली, तिथे कोणी काही न करताही सरई भरून निघाली.

त्याच भागात दुसरे कक्षही होते. झाडं मोठ्या पट्ट्यात मेली, कीड लागलेली झाडं तोडून ओढून नेताना खालची रोपं चिरडली, आणि एकदम लख्ख ऊन पडलं. पहिल्याच पावसात गवत कमरेइतकं झालं. उन्हाळ्यात ते पेटलं. वणव्यानं रोपं मागे पडली, गवताचं काहीच बिघडलं नाही. दरीच्या तळाशी तर हिवाळ्यात दहिवर पडून गोठतं, त्यानं उघड्यावरचे कोवळे कोंब जळतात. मोठी झाडं असती तर त्यांच्या छत्राखाली एवढी थंडी उतरली नसती. काही ठिकाणी गवताऐवजी घाणेरी आली. तिच्या जाळीखाली सरईचं रोप श्वासही घेऊ शकत नाही. माती तीच, पाऊस तोच, कीड तीच. आधी रोपं होती की नाही, भगदाड केवढं पडलं, लाकूड कसं काढलं आणि नंतर आग व गुरं येत राहिली का, एवढ्यावरून दोन कक्षांचं नशीब वेगळं झालं. सरकारी कागदावर मात्र दोन्हीकडे बाधित झाडांच्या संख्येचाच रकाना होता. खाली काय उभं आहे याचा रकाना नव्हता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हे सगळं ॲशला लावून बघू.

ॲशचं बी सरईइतकं नाजूक नाही, पाचोळ्यात थोडा काळ तग धरतं, पण फार वर्षं नाही. मोठी झाडं मेल्यावर दक्षिण-पूर्व मिशिगनच्या रानांत माती तपासली तेव्हा जिवंत बी सापडलं नाही. मागे उरली ती आधीच उगवून असलेली रोपं. तिथले अभ्यासक त्यांना पोरकी पिढी म्हणतात. मोठं ॲश मरताना बुंध्यातून फुटवेही काढतं. म्हणून बहिणीच्या रानात बोटाएवढी-मनगटाएवढी ॲश बरीच दिसतील आणि तिला वाटेल, चला, परत आली. ही रोपं साधारण अडीच सेंटिमीटरहून जाड होऊ लागली की त्याच परिसरात टिकून असलेला बोअरर त्यांच्याकडे वळतो. प्रश्न असा आहे की ती बी धरण्याइतकी मोठी होईपर्यंत जगतात का.

इथे थोडी आशा आहे. २००७ पासून अमेरिकेत आशियातून आणलेल्या बारीक गांधीलमाश्या सोडल्या गेल्या. त्या बोअररच्या अळीत किंवा अंड्यात आपली अंडी घालतात, माणसाला काही करत नाहीत. त्यांतली टेट्रास्टिकस जातीची माशी मिशिगनमध्ये चांगली स्थिरावली आहे. तिची अंडी घालायची नळी आखूड असल्यानं जाड सालीतून ती आत पोचू शकत नाही, पण पातळ सालीच्या कोवळ्या झाडांत ती खरंच काम करते. म्हणजे नेमकं पोरक्या पिढीला तिचं संरक्षण मिळतं. नंतर लांब नळीची आणखी एक जात रशियाच्या पूर्व भागातून आणली, २०१५ मध्ये तिला परवानगी मिळाली. सुतार पक्षीही अळ्या काढून खातात. या सगळ्यांनी मिळून कोवळी ॲश किती मोठी होऊ शकतील हे जागेजागेवर अवलंबून आहे. म्हणून बहिणीला सांगा, ती रोपं उपटू नकोस, पण त्यांच्याच भरवशावर रान ठेवू नकोस.

मग छत्र कोण भरेल? शेजारी. तिथल्या रानांत मेपल, एल्म, ब्लॅक चेरी, बासवुड, कुठे ओक आणि हिकरी ही ॲशच्या सोबतची मंडळी. भगदाड लहान असेल तर सावलीत दम धरून बसलेलं शुगर मेपल वर येतं. मोठं असेल तर ऊन मागणाऱ्या झाडांना संधी मिळते. ओलसर, पाणी साचणाऱ्या जागी गोष्ट वेगळी होते. मिशिगनच्या उत्तर भागात आणि मिनेसोटात काळ्या ॲशची पाणथळ जंगलं आहेत. ती झाडं जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडत होती. ती मेल्यावर पाण्याची पातळी वर येते, आणि लव्हाळं नि गवत असं दाटतं की दुसऱ्या झाडाचं बी रुजायलाही कोरडी जागा मिळत नाही. अशा ठिकाणी हात न लावता जंगल परत येईल असं मी म्हणणार नाही. काळ्या ॲशच्या लाकडाच्या पट्ट्या काढून टोपल्या विणण्याची तिथल्या आदिवासी समाजांची पिढ्यांची कला आहे, ती त्या झाडाबरोबरच अडचणीत आली आहे. तुमच्या बहिणीचं रान कोरड्या चढावर आहे की ओलसर सखल भागात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिला तेवढं आधी विचारा, कारण निम्मं उत्तर त्यात आहे.

तर करायचं काय. लावायला घेण्याआधी मोजायचं. हे कोणीही करू शकतं. दोन मीटरची दोरी आणि एक खुंटी घ्या. रानात ठरावीक अंतरानं चालत जाऊन, चांगली जागा निवडून नव्हे, जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोका आणि दोरीनं वर्तुळ फिरवा. आत झाडाच्या जातीची रोपं किती, हे दोन गटांत लिहा: गुडघ्यापर्यंतची आणि छातीच्या वर गेलेली. ॲश वेगळं लिहा. शेंडे कुरतडलेले आहेत का तेही लिहा. झुडपांनी वर्तुळाचा किती भाग व्यापला आहे, तो अंदाजानं. अशी पंधरा-वीस वर्तुळं झाली की चित्र समोर येतं. दर वर्तुळात छातीच्या वर गेलेलं, ॲशशिवायचं, सरळ वाढणारं एक झाड जरी सरासरीनं सापडलं तरी ते हेक्टरी सुमारे ८०० होतात. पुढे रान भरायला ते पुरेसे आहेत, लावायची गरजच नाही. छातीच्या वर काहीच नाही पण गुडघ्याखाली भरपूर आणि शेंडे कुरतडलेले, तर अडचण बियांची नाही, तोंडांची आहे. मिशिगनमध्ये ती तोंडं पांढऱ्या शेपटीच्या हरणांची. आपल्याकडे महू-मानपूरच्या रानांत शेळ्या आणि गुरं नेमकं हेच करतात. अशा वेळी नवी रोपं आणून लावणं म्हणजे हरणांना ताट वाढून देणं. आधीच उभी असलेली चांगली पन्नास-साठ रोपं निवडून प्रत्येकाभोवती पाच फूट उंच तारेची जाळी उभी केली, तर त्याच पैशात कितीतरी जास्त पदरात पडतं.

आणि वर्तुळात झुडपांशिवाय काही नाहीच असं निघालं, तर मग खरं काम झुडपांचं आहे. ती काटेरी म्हणजे बहुधा बकथॉर्न किंवा मल्टिफ्लोरा गुलाब, सोबत बिनकाट्याचं अमूर हनिसकलही असेल. ही सगळी बाहेरून आणलेली, आणि बोअरर येण्याआधीपासून रानाच्या कडेला दबा धरून बसलेली. ॲश मेली आणि त्यांना ऊन मिळालं. बकथॉर्न आणि हनिसकल ओळखायला सोपी: इतर झाडांची पानं गळून गेल्यावरही ही हिरवी राहतात आणि वसंतात सगळ्यांच्या आधी पालवतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात रानात गेलं की ती आपोआप डोळ्यात भरतात. लहान रोपं ओल्या जमिनीतून हातानं उपटून येतात. मोठी नुसती कापली तर बुंध्यातून दुपटीनं फुटतात, तिथे कापल्याबरोबर ताज्या खुंटाला तणनाशक लावतात. कोणतं आणि किती, ते तिथल्या कृषी-विस्तार कार्यालयात विचारून, हातमोजे घालून. आपल्याकडे घाणेरी काढताना मी तणनाशक वापरत नाही. तिचं खोड जमिनीच्या थोडं खाली, जिथून मुळं सुटतात तिथे कुदळीनं तोडायचं आणि जाळी उलटी करून ठेवायची म्हणजे ती पुन्हा रुजत नाही. प्रत्येक झुडपाची मर्मजागा वेगळी असते.

एक आग्रहानं सांगते: सगळं रान एका झपाट्यात साफ करू नका. उघडी जमीन झाली की मातीत दबलेलं झुडपांचंच बी पहिल्यांदा उठतं. जिथे एखादं चांगलं रोप आहे त्याच्याभोवती आधी मोकळं करायचं, मग तो घेर वाढवत जायचं, आणि पुढची चार-पाच वर्षं दरवर्षी फेरी मारायची. बडवाहजवळच्या एका डोंगरउतारावर आम्ही घाणेरी अशीच टप्प्याटप्प्यानं काढली. पहिल्या दोन पावसाळ्यांत फक्त गवत दिसत होतं आणि गावातले लोक विचारत होते की ताई, झाडं कुठं आहेत. ती गवतातच होती, धावडा, मोहीन, पळस, साग, जुन्या खुंटांचे आणि मुळांचे फुटवे. चराई थांबवण्यावर गावानं एकमत केलं आणि ते वर आले. आम्ही एकही रोप लावलं नव्हतं.

लावायचंच ठरलं तर मिश्र लावा. अमेरिकेतल्या शहरांनी हा धडा फार महागात घेतला आहे. विसाव्या शतकात डच एल्म रोगानं रस्त्यांवरची एल्म गेली, आणि त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी रांगाच्या रांगा ॲशच्या लावल्या. पुढे बोअररनं त्या रांगाही नेल्या. म्हणून बहिणीच्या जागी कोरड्या भागात दोन-तीन जातींचे ओक, हिकरी, बासवुड, ट्युलिप ट्री. ओलसर भागात स्वॅम्प व्हाइट ओक, हॅकबेरी, सिकॅमोर, रेड मेपल. सगळी तिथलीच. रोपवाटिकेत वेगानं वाढणारं काहीतरी परदेशी दाखवतील, ते नको.

मेलेल्या उभ्या झाडांबद्दल. ॲश मेल्यावर लवकर ठिसूळ होते, फांद्या आणि खोड अचानक मोडतात. घर, पायवाट, मुलांची खेळायची जागा यांच्या टप्प्यात येणारी झाडं जाणकार माणसाकडून पाडून घ्या. स्वतः करवत घेऊन जाऊ नका, हे बहिणीच्या यजमानांना आवर्जून सांगा. बाकीची आत रानात उभी राहू द्या, सुतार पक्षी, वटवाघळं, बुरशी सगळ्यांना ती लागतात. पडल्यावर तीच माती होतात. लाकूड काढायचंच असेल तर हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना काढा, म्हणजे यंत्राच्या चाकांखाली रोपं आणि माती दोन्ही वाचतात. आणि ते लाकूड सहलीला शेकोटीसाठी गाडीत टाकून दुसऱ्या गावाला नेऊ नका. हा भुंगेरा स्वतः उडून जातो त्याहून कितीतरी लांब तो जळणाच्या लाकडातून गेला आहे.

परकी कीड अशी लांबवर पोचते, त्यावरून आपल्याकडचं सांगते. आपण सुरक्षित आहोत असं समजून बसणं बरोबर नाही. पांगाऱ्याच्या कोंबांवर आणि पानांवर गाठी आणणारी एक चिमुकली परकी गांधीलमाशी २००५ नंतर दक्षिण भारतात पसरली. हवाई बेटांवर तीच माशी २००५ मध्ये पोचली आणि तिथला स्थानिक पांगारा, विलिविली, बघता बघता वाळू लागला. तिथे २००८ मध्ये आफ्रिकेतून आणलेली तिची शत्रू माशी सोडली, त्यानंतर पुष्कळ झाडं सावरली. म्हणजे योग्य शत्रू वेळेवर सापडला तर जात वाचू शकते. पण त्यासाठी कोणीतरी पहिली गाठ वेळेवर पाहायला लागते. इंदूरच्या बागांमध्ये, रस्त्यांवर, रालामंडलच्या वाटेवर कोणत्याही देशी झाडाच्या कोंबावर पूर्वी न पाहिलेल्या गाठी, सालीवर एकसारखी भोकं किंवा बुंध्याशी ताजा भुसा दिसला, तर फोटो काढा आणि वन विभागाला किंवा कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या विभागात दाखवा. भुसा ओला असतानाचा फोटो फार उपयोगाचा असतो.

बहिणीला शेवटची एक गोष्ट विचारायला सांगा. तिच्या रानात किंवा आसपास एखादं मोठं ॲश अजून जिवंत आहे का? शेजारची सगळी मरून दोन-तीन वर्षं झाली, आणि त्याला कोणी औषध टोचलेलं नाही, तरी वरचा पर्णसंभार दाट आहे, असं? फार थोडी झाडं अशी टिकली आहेत. त्यांच्यात किडीला तोंड देणारं काहीतरी असू शकतं. अमेरिकेची वनसेवा ओहायोतल्या डेलावेअर इथल्या केंद्रात अशा झाडांच्या फांद्यांची कलमं करून, त्यांच्यावर मुद्दाम बोअररची अंडी ठेवून पाहते, आणि टिकणाऱ्यांचा एकमेकांशी संकर करते. रानात ॲश मोठी होऊन परत यायची असेल तर ती बहुधा अशाच झाडांच्या वंशातून येईल. तसं झाड दिसलं तर ते तोडायचं नाही, त्याची जागा आणि बुंध्याचा घेर लिहून तिथल्या वन अधिकाऱ्यांना कळवायचं. झाड घराजवळचं असेल, थोडंच वाळलं असेल, साधारण तृतीयांशाहून कमी, आणि तिला ते सावलीसाठी हवं असेल, तर खोडात इमामेक्टिन बेन्झोएट हे कीटकनाशक टोचून ते वाचवता येतं. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं, म्हणजे खर्च कायमचा. पण एकदा औषध टोचलं की ते झाड स्वतःच्या ताकदीवर टिकलं होतं का हे कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून आधी अधिकाऱ्यांना दाखवा, मग औषध. वर्तुळांची मोजणी झाली की ती इथेच पाठवा, रान चढावर आहे की सखल ते लिहा, आणि शक्य असेल तर शेंडे कुरतडलेल्या रोपांचा जवळून एक फोटो. त्यावरून जाळी आधी की झुडपं आधी, एवढं मी नक्की सांगू शकेन.